चोविसावरून नऊ

(गारखेड्यात विसराळूपणाचं दुखणं जडलेल्या म्हाताऱ्यांचं दुपारचं केंद्र. ऑफिसात केंद्राचे चालक बद्रीनाथ आणि दर तीन महिन्यांनी चाचणी घेणारी जहांआरा. दारात आवडाबाई, तिचे मालक पुंजाराम आत गटात बसलेत.)

आवडाबाई : ...अन् वर चपला बाहेर काढा म्हणं. फरशी बघा आधी स्वतःची. आमचा वैजापूरचा गोठा बरा.

जहांआरा : असू द्या चपला, मावशी. या, बसा.

आवडाबाई : बसायला नाय आले. ह्यांचा कागद दाखव. बाहेर ती दगडाबाई सगळ्यांना सांगत बसलीय, पुंजारामला नऊच मार्क पडले म्हणून. तिच्या कडूबाला म्हणं बारा. पायजमा उलटा घालून येतो तो माणूस, त्याला बारा?

जहांआरा : तीसपैकी नऊ. खरंय ते.

आवडाबाई : मागल्या खेपेला चोवीस व्हते. मधले काय उंदरानं कुरतडले?

बद्रीनाथ : आवडाबाईंचा मुद्दा रास्त आहे. जहांआरा मॅडम, हा गटाचा अहवाल बघा. अकरा जण. पहिल्या चाचणीत सरासरी चौदा, दुसरीत सतरा, तिसरीत एकवीस. कशी सुरेख रेघ चढत गेली होती. आणि तुमच्या चौथ्या चाचणीत थेट अकरा. सोमवारी देणगीदार येतायत. त्यांना हा कडा दाखवू?

जहांआरा : सर, या दुखण्यात रेघ चढत नसते. आपण फार मेहनत केली तर जरा सावकाश उतरते, बस्स. एकवीस दिसलं तेव्हाच आपल्याला लाज वाटायला हवी होती. तुम्ही तो कागद मोठा करून भिंतीला लावलात.

बद्रीनाथ : लॅमिनेशन करून.

जहांआरा : तीन चाचण्या, तिन्ही वेळा एकच प्रश्नपत्रिका. लक्षात ठेवायचे पाच शब्दही तेच. का, तर तुम्ही दोनशे प्रती एकदम छापून घेतल्या.

बद्रीनाथ : मग त्या रद्दीत घालायच्या होत्या का?

जहांआरा : म्हणून या वेळी शब्द मी बदलले. पुंजारामकाकांना सांगितलं, कांदा, घड्याळ, चिमणी, रस्ता, दूध. पाच मिनिटांनी विचारलं, काका, कोणते शब्द होते? काका उठून उभे राहिले, हात जोडले, आणि घडाघडा म्हणाले, उंबर, बादली, टांगा, मीठ, कंदील. सगळे जुने. वार विचारला तर मंगळवार सांगितला. मागची चाचणी मंगळवारी होती, सर. परवा गुरुवार होता.

बद्रीनाथ : म्हणजे स्मरणशक्ती शाबूत आहे की. जुने का होईना, पाच आठवले. पाच मार्क देऊन टाका.

जहांआरा : तुम्हालाच एकदा बसवते चाचणीला. मावशी, घरी पाठ कोण करून घ्यायचं?

आवडाबाई : मीच. चोरी हाय का त्यात? व्हरांड्यात साऱ्याच बाया घोकून घ्यायच्या. वच्छलाबाई तर नवऱ्याला जेवतानी म्हणायची, उंबर म्हणा, मग घास मिळंल. लेकराच्या परीक्षेला नाय का बसत आपण शेजारी?

जहांआरा : पण कशापायी एवढं?

आवडाबाई : ह्या सायबाला इचार. पहिल्याच दिवशी म्हणले, दहाच्या खाली जो जाईल त्याचं नाव कमी. शौकतभाईच्या वडलांना घालवलं तसं. म्हातारं गेलं अन् तुमची रेघ वर गेली. ते बी लिवलं असंल कागदात.

बद्रीनाथ : तो नियम आहे. फार खालच्या पातळीची माणसं गटात बसत नाहीत.

आवडाबाई : ऐकलं? दुखणाईत माणूस ह्यांना चालत नाय. बरा झालेला पायजे. मग दवाखाना कशाला, लग्नाचं कार्यालय काढायचं व्हतं.

जहांआरा : मावशी...

आवडाबाई : तू बी ऐक. रातभर मी दाराच्या कडीपाशी बसते, निघून जातात म्हणून. लेक-सून कामावर. इथं तीन तास हे आत बसतात तेवढाच व्हरांड्यातल्या भिंतीला टेकून माझा डोळा लागतो. नऊचे दहा कर. एक मार्क. तुझं काय जातं?

बद्रीनाथ : मी तर म्हणतो चोवीसच राहू द्या.

जहांआरा : माझं काही जात नाही. काकांचं जातं. तुमचे चोवीस बघून डॉक्टरांनी गोळी अर्धी केली. काकांकडं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही, आकडा पाहिला आणि म्हणाले, उत्तम. कडीपाशी बसणं तेव्हापासूनच लागलं ना?

आवडाबाई : ...व्हय. तवापासूनच.

जहांआरा : मी नऊच लिहिणार. खाली माझ्या सहीनं लिहिणार, की यांना गटाची गरज जास्त आहे, नाव कमी करू नये. तो कागद डॉक्टरांकडं मीच नेईन. मग काकांचं नाव काढून दाखवा म्हणावं.

बद्रीनाथ : आणि देणगीदार?

जहांआरा : खुदा के वास्ते गप बसा, सर. मावशी, एक रकाना मात्र तुमच्या तोंडून भरायचा असतो. घरची माणसं ओळखतात का? तिन्ही वेळा तुम्ही हो सांगितलंय.

आवडाबाई : मग? लेकाला ओळखतात. कधीमधी थोरल्या भावाच्या नावानं हाक मारतात, पण ओळखतात. सुनेला बी. दूधवाल्याला तर लांबून.

जहांआरा : आणि तुम्हाला?

आवडाबाई : मला काय इचारायचं? चाळीस वरसं झाली भाकरी थापून.

जहांआरा : मावशी, तुम्हाला ओळखतात का?

बद्रीनाथ : हो लिहून टाका ना. बाईंना कशाला त्रास देता?

आवडाबाई : तुमी मधी बोलू नका, सायेब. तुमचं सारं हो-हो बघून झालंय. ...नाय, लिही पोरी. नाय ओळखत. रोज सकाळी माझ्या हातचा चहा घेतात अन् म्हणतात, बाई, तुम्ही परक्या असून लई करता माझं. आमची मंडळी माहेरून आली, की तुम्हाला सुटी देतो.