ड्रायव्हरच्या सीटवरील वजनाबाबत पतीचा खुलासा

नाव : पोलीस ठाण्याच्या वहीत लिहिलेले आहे, गल्लीत पार्सलकाका म्हणतात. वय : ६३ वर्षे. धंदा : पोस्टातून निवृत्त, चौतीस वर्षे पार्सलच्या खिडकीवर, सध्या पत्नीच्या गॅरेजात सांगेल ते काम. राहणार : गॅरेजच्या वरच्या दोन खोल्या, जिना मागच्या बाजूने.

आज दुपारी तीन वाजता मी कोणी बोलावले नसताना स्वतःच्या पायांनी ठाण्यात आलो असून, लिहून घ्यावे अशी विनंती करून सांगतो की,

माझी पत्नी, वय ५९, ही गाड्यांच्या सस्पेन्शनचे काम करते. हे काम ती वडिलांकडून शिकली. तिच्या हातून गेलेली गाडी वळणावर झुकत नाही असे गिऱ्हाइके सांगतात. मी सांगितले तर घरचा माणूस म्हणून कोणी धरणार नाही, म्हणून गिऱ्हाइकांचे सांगितले.

चार दिवसांपूर्वी एका दाताच्या डॉक्टरांनी त्यांची गाडी कॉइलओव्हर बसवण्यासाठी आमच्याकडे सोडली. कॉइलओव्हर म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर एकात एक असलेला दांडा. त्याला बाहेरून आटे असतात. त्यावरची रिंग पान्याने फिरवली की गाडी त्या चाकापाशी वर किंवा खाली होते. चारही चाकांना ते बसवण्याचे काम परवा संपले. काल डॉक्टर स्वतः येऊन गाडीत बसले, पत्नीने चारही बाजूंची उंची टेपने मोजली आणि आकडे भिंतीवर खडूने लिहिले. त्यानंतर नवे स्प्रिंग नीट बसावेत म्हणून गाडी चाळीस किलोमीटर फिरवून आणली. आज शेवटची जुळणी होती.

ही जुळणी रिकाम्या गाडीवर करत नाहीत. चालवणाऱ्याच्या वजनाइतके वजन त्याच्या सीटवर ठेवतात, नाहीतर तो बसला की ती बाजू दबते आणि केलेली मेहनत पाण्यात जाते. डॉक्टरांचे वजन ब्याऐंशी किलो. त्यांना आज दोन अक्कलदाढा काढायच्या होत्या, त्यामुळे ते येऊ शकले नाहीत व त्यांच्या जागी माझी नेमणूक झाली.

पत्नीने माझे वजन विचारले. मी सत्तर सांगितले. उरलेल्या बारा किलोंसाठी नटबोल्टांची पिशवी भरून मांडीवर घ्यायला तिने सांगितले. ती पिशवी मी माझ्या जुन्या पोस्टाच्या काट्यावर तोलली. तिच्यात एका ग्रॅमची खोट नव्हती. खोट होती ती पिशवीच्या खाली.

सकाळी दहा वाजता मी सीटवर बसलो. पट्टा लावला, दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवले, पिशवी मांडीवर घेतली. मी मध्येच उतरू नये म्हणून पत्नीने दाराला बाहेरून चिकटपट्टी लावली व तिच्यावर ‘उतरायचं नाही’ असे लिहिले. मला मध्येच उतरायची सवय आहे, ही गोष्ट मी नाकारत नाही.

तीन चाकांपाशी माप भिंतीवरच्या आकड्याशी तंतोतंत जुळले. ड्रायव्हरच्या बाजूचे पुढचे चाक दोन मिलिमीटर खाली येत होते. आमच्या घरात दोन मिलिमीटर म्हणजे चेष्टा नव्हे. पत्नीने टायरमधली हवा पाहिली. फरशी सपाट आहे का ते लेव्हल ठेवून पाहिले. रिंग घसरली असेल म्हणून सोडवली व पुन्हा कसली. गाडी पुढेमागे ढकलून परत मोजले. टेप बदलला. काखेत कळसा आणि गावाला वळसा असा हा प्रकार पावणेतीन तास चालला व कळसा सीटवर बसून सगळे पाहत होता. मला तोंड उघडायला पावणेतीन तास मिळाले होते हे मी येथे मुद्दाम नमूद करतो.

साडेअकराच्या सुमारास समोरच्या इमारतीत नव्याने राहायला आलेल्या ताई त्यांच्या खिडकीत दिसल्या. नवीन शेजारी म्हणून मी ओळख दाखवली. स्टीअरिंगवरून हात काढायला मनाई असल्याने फक्त बोटे हलवली. त्यांनी त्याचा काय अर्थ घेतला ते मला नंतर कळले. त्यांच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. पट्ट्याने बांधलेला म्हातारा, दाराला चिकटपट्टी आणि हातभर लांबीचा पाना घेतलेली बाई पाहिली असती तर मीसुद्धा फोन केला असता.

पाऊण वाजता पत्नी दारापाशी येऊन मोठ्याने म्हणाली, “खरं सांगा, नाहीतर आज उतरू देणार नाही. वजन किती?”

मी म्हणालो, “अगं, सत्तर. कितीदा सांगू?”

मग तिने पाना खाली ठेवला आणि हळू आवाजात म्हणाली, “मग माझंच चुकतंय. नजर गेली बहुतेक माझी. एवढी गाडी झाली की बंद करते हे काम.” एवढे बोलून ती स्टुलावर बसली. पत्नी काम चालू असताना कधी बसत नाही. मला फार वाईट वाटले. मी खरे सांगणार होतो, एवढ्यात दोन शिपाई आले.

त्यांनी काय चालले आहे असे विचारले. मी “काही नाही, सहज बसलोय” असे उत्तर दिले. पत्नीने “चूक माझी आहे, त्यांची काही नाही” असे सांगितले. ती मोजमापाबद्दल बोलत होती. शिपायांनी तो मला डांबून ठेवल्याचा कबुलीजबाब समजून तिला ठाण्यात आणले. तेव्हापासून ती बाहेरच्या बाकावर बसून आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि त्यातला चोर मी आहे.

मागच्या वर्षी डॉक्टरांनी (हे दाताचे नव्हेत) मला हृदयासाठी वजन उतरवायला सांगितले. मी पत्नीला शब्द दिला. तेव्हापासून रोज सकाळी सहा ते सात मी फिरायला म्हणून बाहेर पडतो आणि कोपऱ्यावरच्या बेकरीत बसतो. तेथे भट्टीतून नुकतेच काढलेले लोण्याचे पाव मिळतात. दर महिन्याला मी घरी वजन थोडे कमी करून सांगत गेलो, ते उतरत उतरत सत्तरावर आले. पत्नीने पँट कमरेत आत घेऊन द्यायची तयारी दाखवली, तेव्हा ढगळ बरी वाटते असे सांगितले. मला एकट्याला बेचव खावे लागू नये म्हणून वर्षभर तीही उकडलेल्या भाज्या खात आहे. तिला त्या अजिबात आवडत नाहीत. तिचे वजन नऊ किलोंनी उतरले आहे. जबाब लिहून घेणाऱ्या हवालदारसाहेबांनी हा भाग गुन्ह्याशी संबंधित नाही, गाळू का असे विचारले. गाळू नये अशी माझी विनंती आहे.

जबाब चालू असताना ठाण्याच्या मोठ्या साहेबांनी जप्तीचा माल तोलण्याचा काटा आणवला. पत्नीलाही आत बोलावले. मी चपला काढून काट्यावर उभा राहिलो. वजन शहाऐंशी किलो चारशे ग्रॅम भरले. चौतीस वर्षे लोकांच्या पार्सलांचे वजन मी मोठ्याने वाचून दाखवले आहे, म्हणून हेही मीच वाचून दाखवले.

पत्नीने हवालदारांकडून पेन्सिल घेतली आणि तळहातावर हिशेब केला. “सोळा किलो जास्त,” ती म्हणाली. “म्हणजे दोन मिलिमीटर. बरोब्बर.” मग साहेबांकडे वळून म्हणाली, “साहेब, माझी रिंग बरोबर होती हो. पहिल्यापासून बरोबर होती.” तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती. साहेबांनी विचारले, “काकू, यांच्याविरुद्ध तक्रार द्यायची आहे का?” ती म्हणाली, “ती घरी बघते मी.”

पत्नीने मला डांबले नव्हते. तिच्या कामात आज कोणतीही चूक नव्हती. तिची नजर शाबूत आहे. गॅरेज बंद करण्याचे काही कारण नाही. हे चार मुद्दे ठळक लिहावेत.

वरील मजकूर हवालदारसाहेबांनी मला व पत्नीला वाचून दाखवला. तो मी सांगितल्याप्रमाणे लिहिलेला असून खरा आहे. माझ्या वजनाची ओळ पत्नीच्या विनंतीवरून दोनदा वाचण्यात आली.