वकीलसाहेबांच्या बाह्या

टेलर : बाह्या काढ.

सलूनवाला : शर्टाच्या?

टेलर : सायकलच्या.

सलूनवाला : मास्तर, बाहेर हाडं गोठवणारी थंडी पडलीय. अशा दिवसांत एका गरीब सायकलच्या अंगावरचे कपडे उतरवायला सांगताय?

टेलर : थट्टा पुरे. वकीलसाहेब पाच वाजता कोट न्यायला येतायत, हा निरोप कोणी आणला? तूच ना?

सलूनवाला : मीच. सकाळी त्यांच्या घरी दाढीला गेलो होतो. अर्ध्या गालाला साबण असताना म्हणाले, ‘तुझ्या त्या शेजाऱ्याला सांग, उद्या वकील मंडळाचा फोटो आहे, कोट जसा आहे तसा घेऊन जातो.’ आता जसा आहे तसा म्हणजे, सध्या बिनबाह्यांचा आहे.

टेलर : आणि बाह्या तुझ्या हँडलवर.

सलूनवाला : मी चोरल्या नाहीत हो. गेल्या सोमवारी तुम्हीच उसवून दिल्यात. काय म्हणाला होतात? ‘तीन वर्षं झाली, कोट हँगरला लोंबकळतोय, तो काही आता येत नाही. डावी बाही अर्धा इंच आखूड म्हणतो ना? मग बाहीच नको त्याला!’ आणि टराटरा...

टेलर : टराटरा नाही. एकेक टाका उसवला. कितीही चिडलो तरी कापड फाडत नाही मी.

सलूनवाला : चिडून का होईना, पुण्याचं काम केलंत. माझी सकाळ आठवा जरा. थंडीत म्हातारी गिऱ्हाईकं दुकानापर्यंत येत नाहीत, म्हणून उजाडायच्या आत सायकल काढायची आणि सहा घरी दाढ्या करत फिरायचं. पहिल्या घरी पोचेपर्यंत हाताची बोटं म्हणजे दहा खिळे. तो हात गळ्याला लागला की गिऱ्हाईक खुर्चीतून वीतभर उडतं. उडू दे बापडं, पण माझ्या दुसऱ्या हातात वस्तरा असतो.

टेलर : फोरमनच्या कानाचं ऐकलंय मी.

सलूनवाला : नखाएवढा कापला. पण त्यांनी असा काही हंबरडा फोडला की शेजारी सांत्वनाला आले.

टेलर : बायकोनं हातमोजे विणून दिले होते ना?

सलूनवाला : दिले की. वारा त्यातून आत यायचा, सगळ्या बोटांची चौकशी करायचा आणि निवांत बाहेर पडायचा. मग पायमोजे चढवले हातांना. ब्रेकवरून हात सटकला आणि मी थेट नर्सबाईंच्या कुंड्यांत. मग प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या. आत घाम. प्राचार्यांच्या गालाला हात लावला तर डोळे मिटूनच विचारतात, ‘मासे आणलेस का?’

टेलर : आणि बटाटे?

सलूनवाला : तेही केलं. दोन गरम उकडलेले बटाटे, दोन खिशांत दोन. दर चौकात थांबायचं, हात शेकायचे, पुढे जायचं. पहिल्या घरापर्यंत बटाटे होते, तिसऱ्या घरी भाजी झाली. कोटाच्या बाह्या आल्या आणि माझं नशीब उघडलं, मास्तर. मनगटाकडचं टोक हँडलला नाडीनं बांधलेलं, खांद्याकडचं टोक बायको माझ्या स्वेटरला सेफ्टी पिनेनं टाचते. मूठ आत, ब्रेक आत, हात आत. वर तुमचं ते गुळगुळीत अस्तर.

टेलर : म्हणजे तू सायकलवर बसत नाहीस, सायकल अंगात घालतोस.

सलूनवाला : उतरायला दोन मिनिटं लागतात, कबूल. घंटीपर्यंत बोट पोचत नाही, तर तोंडानंच ट्रिंगट्रिंग करतो. उलट लोक लवकर बाजूला होतात. पण हात! आजच वकीलसाहेब म्हणाले, ‘या आठवड्यात तुझे हात माणसासारखे लागतायत.’

टेलर : त्याच्याच बाह्यांत ऊब घेऊन त्याच्याच गालावर! आणि त्यानं सायकल बघितली असती तर?

सलूनवाला : छे. मी मागच्या गल्लीत लावतो. तसाही मी मागूनच पोचतो.

टेलर : मागून कशाला? चौकातून उजवीकडे वळलं की तिसरं घर.

सलूनवाला : मी उजवीकडे वळत नाही.

टेलर : वळत नाहीस म्हणजे?

सलूनवाला : आठवडाभर नुसता डावीकडे वळतोय. उजवीकडे जायचं झालं तर सरळ पुढे जायचं आणि तीनदा डावीकडे वळायचं. बरोबर त्याच रस्त्याला लागतो. वेळ लागतो, पण गल्ल्या पाठ झाल्या.

टेलर : अरे पण का?

सलूनवाला : ओढते ना! उजवीकडे हँडल वळवलं की डावी मूठ पुढे जाते. डावी बाही ताणते, बाही स्वेटरला ओढते, स्वेटर मला ओढतो. पहिल्या दिवशी जोर केला, तर मी आणि सायकल एकमेकांना मिठी मारून रस्त्यावर. डावीकडे वळताना मात्र काही नाही. उजवी बाही कशी ऐसपैस.

टेलर : तुझा डावा खांदा मागे असेल.

सलूनवाला : वकीलसाहेबांनाही तुम्ही असंच म्हणाला होतात. ‘बाही आखूड नाही, फाइली धरून धरून तुमचा डावा हात लांब झालाय.’ त्यांचा हात लांब, माझा खांदा मागे. तुमच्या दुकानात पाऊल टाकलं की माणसांचे डावे अवयव बिघडतात काय हो?

टेलर : बाह्या काढून आण. दोन्ही.

सलूनवाला : आणतो. पण उद्या सकाळी कोणाचा कान गेला तर तो तुमच्या नावावर... हं, या घ्या. ही उजवी. ही डावी. नाडी सोडून घेतलीय.

टेलर : पसर टेबलावर. टेप दे. सरक, सावली पडतेय. उजवी... चोवीस.

सलूनवाला : आणि डावी?

टेलर : थांब, पुन्हा लावतो.

सलूनवाला : मास्तर?

टेलर : टेप जुनी झालीय. ती भिंतीवरची दे.

सलूनवाला : ही घ्या. नवी कोरी.

टेलर : सव्वातेवीस.

सलूनवाला : सव्वा...

टेलर : ओरडू नकोस.

सलूनवाला : कुठे ओरडतोय? मी हळूच म्हणतोय. पाऊण इंच! अहो, तो बिचारा अर्धाच म्हणत होता. मास्तर, बाहेर तुमची पाटी आहे, ‘येथे माप एकदाच घेतले जाते.’ तीस वर्षं वाचतोय मी. एकदाच का घेता ते आज कळलं.

टेलर : घड्याळ.

सलूनवाला : सव्वातीन झालेत.

टेलर : ते नव्हे. त्याचं मनगटी घड्याळ, डाव्या हातातलं. माप मनगटाच्या हाडापर्यंत घ्यायचं असतं. मी घड्याळाच्या पट्ट्यापाशी थांबलो असणार. पाऊण इंच तिथेच गेला.

सलूनवाला : असं कसं थांबलात? नवशिकासुद्धा घड्याळ काढायला लावतो. लक्ष कुठे होतं?

टेलर : दोरा ओव.

सलूनवाला : आठवतंय मला. आपण तिघं इथेच पत्ते खेळत बसलो होतो. वकीलसाहेब म्हणाले, ‘हातातला डाव टाकून मी माप देणार नाही.’ तसेच उभे राहिले, डाव्या हातात पत्ते धरून. काय दिवस होते हो! तीन वर्षं मी एक दिवस त्यांच्याकडे बसतो, एक दिवस तुमच्याकडे. दोघांत पत्ते खेळण्यात काय मजा? जे आपल्याकडे नाही ते समोरच्याकडे आहे, हे आंधळ्यालाही कळतं.

टेलर : दोरा ओवलास?

सलूनवाला : ओवला. आता नीट ऐका. बाहीच्या टोकाला आत कापड दुमडलेलं असतं ना, तुम्ही लोक माया म्हणता ते?

टेलर : दीड इंच ठेवतो मी. सगळ्यांच्यात.

सलूनवाला : झालं तर मग! त्यातली पाऊण इंच सोडा, बाही लांब करा, इस्त्री मारा. साहेब येतील, घालतील, बघतील तर बाही बरोबर मनगटावर. तुम्ही फक्त एवढंच म्हणायचं, ‘मी हातसुद्धा लावलेला नाही, साहेब. तीन वर्षांपूर्वी होता तसाच आहे.’ खलास! सगळ्या कोर्टात ज्यानं तुमचं नाव बदनाम केलं, तोच तोंडात बोट घालेल.

टेलर : हे खोटं झालं.

सलूनवाला : खोटं कसलं? बाही बरोबर असेल की नाही? असेल. फक्त कधीपासून बरोबर आहे, एवढंच सांगायचं नाही.

टेलर : निखारे घाल इस्त्रीत. आणि जुन्या घडीवर ओलं फडकं ठेव, खूण राहता कामा नये.

सलूनवाला : हे कसं बोललात! आणि माझ्या हातांचं काय?

टेलर : गोधडीचं कापड पडलंय मागे. उद्या तुला दुसऱ्या शिवून देतो.

सलूनवाला : सारख्या लांबीच्या शिवा. मला उजवीकडच्या माणसांना पण भेटायचंय.

(पाच वाजता वकीलसाहेब दारात येतात. कोट हँगरवर आहे, दोन्ही बाह्यांसकट.)

वकील : येऊ का?

टेलर : या.

वकील : आधीच स्पष्ट करतो. मी वाद घालायला आलेलो नाही. बाहीबद्दल मला काहीही म्हणायचं नाही. फोटोत डावा हात पाठीमागे ठेवीन. घरून शाल गुंडाळून गेलो तर मंडळाचे अध्यक्ष आजारी आहेत असं छापून येईल, म्हणून कोट हवा.

सलूनवाला : घालून तर बघा, साहेब.

वकील : तू इथे काय करतोयस?

सलूनवाला : शेजारी म्हणून. हात शेकत होतो इस्त्रीवर.

वकील : द्या इकडे. उजवा... हं. आता डावा... वास कसला येतोय हो? सायकलच्या तेलासारखा.

सलूनवाला : शिलाई मशीनचं तेल, साहेब.

वकील : आणि दाढीच्या साबणाचा.

सलूनवाला : तो माझा. मी जवळ उभा आहे ना.

वकील : मग जरा लांब उभा राहा... थांबा. हे काय? मास्तर, ही डावी बाही बघा.

टेलर : बघतोय.

वकील : मनगटाच्या हाडावर आलीय. बरोब्बर. थांबा, हात पुढे करतो. वर करतो. खाली. अहो, कुठेच आखूड नाही!

सलूनवाला : मास्तरांनी हातसुद्धा लावलेला नाही, साहेब. तीन वर्षांपूर्वी होता तसाच. काय मास्तर?

वकील : तीन वर्षं मी... मग त्या दिवशी मला आखूड का वाटली? आत जाड स्वेटर होता का? असेल. थंडीचेच दिवस होते. बसू का जरा?

टेलर : बसा ना. खुर्ची दे रे.

वकील : मास्तर, चाळीस वर्षं वकिली करतोय. ‘माझी चूक झाली’ हे वाक्य मी एकाही अशिलाला कोर्टात बोलू दिलेलं नाही. स्वतः तर कधी उच्चारलंच नाही. घरी विचारा. आज उच्चारतो. माझी चूक झाली.

सलूनवाला : अरे वा! ऐकलंत का मास्तर? पुन्हा एकदा म्हणा, साहेब, मशीनचा आवाज होता.

वकील : मशीन बंद आहे. पण म्हणतो. चूक झाली. आणि इथेच थांबणार नाही. अख्ख्या कोर्टात मी तुमची बाही सांगत फिरलोय. शिपायापासून न्यायाधीशापर्यंत. उद्या फोटोला सगळे जमतील, तिथे उभा राहून सांगणार आहे, की टेलर खरा होता आणि मी उगाच तीन वर्षं तोंड फिरवून बसलो. संध्याकाळी या दारावरून जाताना मी पलीकडच्या फुटपाथवरून जायचो, ठाऊक आहे का तुम्हाला?

टेलर : ठाऊक आहे. काचेतून दिसायचात.

वकील : मूर्खपणा. एका कोटापायी. येतो आता.

टेलर : साहेब.

वकील : हं?

सलूनवाला : मास्तर, त्यांना उशीर होतोय. जाऊ द्या त्यांना.

टेलर : पाऊण इंच.

वकील : काय पाऊण इंच?

टेलर : बाही आखूड होती. आज दुपारी लांब केली. आतली घडी अजून ओली असेल, हात लावून बघा.

सलूनवाला : झालं! एवढी छान केस हातात होती.

वकील : ...ओली आहे. पण मी तर अर्धा इंच म्हणत होतो.

टेलर : तुम्ही कमी सांगत होता.

वकील : तुमचं माप चुकलं? तुमचं?

टेलर : तुमच्या घड्याळाशी थांबलो. टेपकडे लक्ष नव्हतं.

वकील : मग कुठे होतं?

सलूनवाला : मास्तर, एवढं पुरे. एका दिवसाला एवढं खूप झालं.

टेलर : तुमच्या पत्त्यांत. हात समोर धरला होतात ना तुम्ही. सगळे दिसत होते.

वकील : म्हणजे तो डाव...

टेलर : मी जिंकलो होतो.

वकील : आणि मी तीन वर्षं बाहीवरून भांडतोय.