मोटर कशाला उघडतेस

सासरे : मी म्हणतो, उघडायचीच कशाला? भंगारवाल्याला देऊन टाक. तोही खूश, आपणही मोकळे.

सून : बाबा, कालपासून त्या भंगारवाल्याची वकिली चाललीय तुमची. हा पाना धरा जरा. लिफ्टच्या मोटरी दुरुस्त करून पोट भरते मी, आणि घरचा व्हॅक्यूम क्लीनर न उघडता फेकून देऊ? कामावर कळलं तर हसतील मला.

सासरे : जुना झालाय गं तो. तुझ्या सासूबाईंनी घेतलेला.

सून : म्हणून तर. आईंनी इतकी वर्षं वापरला, कधी कुरकुरला नाही. आणि गेल्या आठवड्यात बटण दाबलं तर ढिम्म हलेना. मला फक्त एवढंच बघायचंय, आत पाणी गेलंय की नाही.

सासरे : आणि गेलं असलं तर?

सून : तर तुमचे चिरंजीव माझ्या तोंडावर खोटं बोलले. मागे चहा सांडला तेव्हा त्यानेच हा लावला होता ना चहा ओढायला? मी धावत येऊन प्लग काढला म्हणून वाचला. आता विचारलं तर म्हणे, मी हातसुद्धा लावला नाही. वर मलाच ऐकवलं, तुला माझ्यावर विश्वास नाही. तेव्हापासून बोलणं बंद आहे आमचं. तुम्हाला काय, दिसतंच आहे.

सासरे : दिसतंय. काल जेवताना त्याने मीठ माझ्याकडे मागितलं. मीठ होतं तुझ्यापुढे.

सून : मग मागायचं होतं माझ्याकडे. तोंड दुखलं असतं का? हे बघा, हे कार्बन. फिरत्या भागाला टेकून वीज पोचवतात. हे झिजले की मोटर बंद पडते. पण चांगले बोटाच्या पेराएवढे शिल्लक आहेत. यांचा काही दोष नाही.

सासरे : बरं, मग झालं की. मिटव आता.

सून : अहो, आत्ता कुठे सुरुवात झालीय. पंखा काढायचाय. तुम्ही फडक्यात धरून ठेवा घट्ट. हा नट उलट आट्यांचा असतो, नेहमीसारखा फिरवला तर आणखी आवळतो.

सासरे : ऐक ना, आधी चहा टाकू या. मी टाकतो.

सून : तुम्ही? चहापत्ती कुठल्या डब्यात आहे ते तरी माहीत आहे का? धरा नीट. हं, सुटला. आता पंखा वर... बघा. बघितलंत? गंज. बेअरिंग पार धरलंय, फिरतच नाही. तारेवर हिरवं चढलंय. पाणीच गेलंय. येऊ दे त्याला बाजारातून, हेच ठेवते पुढ्यात.

सासरे : त्याला काही बोलू नकोस.

सून : का नको? नेहमी तुम्ही त्याचीच बाजू घेता. खोटं बोलायचं ते बोलायचं, वर फुगून बसायचं. आणि हा पांढरा थर कसला जमलाय? साध्या पाण्याने असा नाही जमत. मीठ सुकल्यासारखं वाटतंय. आणि याला वास...

(ती पंखा नाकाजवळून खाली घेते.)

सून : कार्बनच असतील, बाबा.

सासरे : काय?

सून : कार्बन. झिजले असतील. जुनी मोटर आहे, होतं असं.

सासरे : आत्ता म्हणालीस, पेराएवढे शिल्लक आहेत.

सून : नीट बघितले नव्हते मी.

सासरे : दाखव.

सून : राहू द्या ना, बाबा. आणते मी भंगारवाल्याला बोलावून.

सासरे : जन्म शाळेत शिकवण्यात घालवला मी. खोटं बोलणारं पोर आधी खाली बघतं. तूही खालीच बघतेयस. तुला कळलंय.

सून : मला काही कळलं नाही.

सासरे : माझ्या पलंगाजवळचा गालिचा. पहाटे उठलो, पण न्हाणीघरापर्यंत पोचलो नाही. फडक्याने पुसलं, गालिचा काही सुकेना. मग तुम्ही दोघं कामावर गेल्यावर हा काढला. वाटलं, धूळ ओढतो तसं तेही ओढून घेईल. घेतलंही त्याने.

सून : एकदाच झालं असं?

सासरे : नाही.

सून : किती दिवस चाललंय?

सासरे : महिना होत आला. दरवेळी वाटायचं, ही शेवटची. मग एकदा आतून चर्र वाजलं आणि बंदच पडला. वरून पुसला आणि कपाटात ठेवून दिला, कुणाच्या लक्षात येणार नाही असा. या वयात चोरासारखा पाय न वाजवता चाललो आपल्याच घरात.

सून : मला सांगायचं होतं. मी काय परकी आहे?

सासरे : कसं सांगणार? वरच्या मजल्यावरच्या आजोबांचा विषय निघाला होता जेवताना. त्यांच्या सुनेला रोज चादरी धुवाव्या लागतात म्हणून.

सून : मग?

सासरे : तू म्हणालीस, मी असते तर म्हाताऱ्याला टबातच झोपवला असता.

सून : मी म्हणाले असं?

सासरे : सगळे हसलो. सगळ्यांत मोठ्याने मीच हसलो असेन.

सून : ती गंमत होती, बाबा.

सासरे : माहीत आहे. हसू येण्यासारखीच होती.

सून : नव्हती. तुम्ही समोर बसला होतात आणि मी खुशाल... माझी मलाच लाज वाटतेय. तोंड कुठे लपवू असं झालंय.

सासरे : तुझं जाऊ दे. माझं बघ. माझा पोरगा माझ्यासमोर खोटा ठरतोय आणि मी शेजारी बसून जेवतोय. रोज ठरवायचो, आज सांगून टाकू. मग तू विचारायचीस, बाबा, भाजी वाढू का? मी म्हणायचो, वाढ.

सून : त्याला काही सांगायचं नाही. बेअरिंग धरलं म्हणून सांगते. ते खरंच आहे. उद्या मी सुट्टी टाकते, आपण डॉक्टरकडे जाऊ. आपण दोघंच.

सासरे : आणि त्याला पाणी दिसलं तर?

सून : त्याला काय कळतंय मोटरीतलं? बेल वाजली. तोच असेल. तुम्ही आत जाऊन पडा.

सासरे : नको, बसतो इथेच.

मुलगा : काय, लागला का निकाल? फाशी की जन्मठेप?

सून : तुझं काही चुकलं नव्हतं. मी उगाच तुला खोटं पाडलं. चुकले मी.

मुलगा : अरे वा. पिशवी खाली ठेवू दे आधी, परत एकदा ऐकतो. म्हणजे पाणी नव्हतंच ना आत?

सून : जुनी मोटर रे. बेअरिंग धरलं होतं. होतं असं.

सासरे : पाणी होतं. मी ओढलं.

मुलगा : तुम्ही? तुम्ही कुठलं पाणी ओढलंत, बाबा?

सासरे : सांगतो. आधी दार लाव.