बाबांनी ऐकलेलं काळीज

अगं, मी अमरावतीला नर्सिंग शिकत होते ना, तेव्हा पहिल्याच वर्षी बाबा भातकुलीहून मला परत न्यायला आले.

"लोक नावं ठेवून राह्यले. चाल, बोचकं बांध."

मी वाद घातला नाही. वॉर्डातला स्टेथोस्कोप त्यांच्या कानाला लावला आणि दुसरं टोक त्यांच्याच छातीवर ठेवलं. बाबा दचकले.

"हे काय वाजून राह्यलं?"

"तुमचं काळीज."

"मी झोपलो तरी?"

"जन्मल्यापासून एकदाही थांबलं नाही, बाबा."

माझ्या शेतकरी बापानं नकळत पायातल्या वहाणा काढल्या आणि डोळे मिटून कितीतरी वेळ ऐकत राहिला. मग हळूच म्हणाला, "शीक तू. सुट्टीत येशीन तं हे घेऊन ये. तुया मायचं ऐकाचं हाय मले."