चिंचिलाचा उपास आणि दाजी

आमच्या वडगावच्या आक्काकडं एक चिंचिला आहे. मोठ्या गोल कानांचा, झुपकेदार शेपटीचा, कापसासारखा मऊ, उंदराच्या कुळातला प्राणी. भाचा नोकरीला बेंगळुरूला जाताना आईकडं ठेवून गेला. गेल्या महिन्यात या चिंचिलानं खाणंच सोडलं.

दाजी म्हणाले, "उंदराला कसला गं डॉक्टर?"

पण आक्काच्या डोळ्यांत पाणी आलं, तसे गुमान पिंजरा घेऊन स्कूटरवर निघाले. डॉक्टरांनी त्याच्या वाढलेल्या दाढा घासल्या आणि बजावलं, "उपाशी ठेवलात तर जगणार नाही. गवताची पूड पाण्यात कालवून दर तीन तासांनी सिरिंजनं भरवा."

आक्का घरातला कापड विणायचा माग बंद ठेवून त्याला मांडीवर घेऊन बसली. "एवढा घास घे रं माझ्या सोन्या," म्हणत भरवायची. तिसऱ्या दिवशी त्यानं आपणहून गवताची काडी कुरतडली. ते बघायला मी गेलतो, तर दाजी तोंड पाडून बसलेले.

"तीस वर्सं झाली लग्नाला. मला कवा असं भरवलं न्हाईस."

आक्का मान वर न करता म्हणाली, "तुमी एक डाव जेवायचं सोडून तर बघा."

दाजींनी जरा विचार केला आणि विचारलं, "आज कालवण काय केलंयस?"