पाहुण्यांसाठी सावली

आर्वीच्या बसस्टँडवर शेजारशेजारच्या गावांचे दोन सरपंच माझ्या बाकावर येऊन टेकले. विचारत होत्या पौर्णिमाताई, घाम पुसत होते बापूजी.

"काऊन बापूजी, तुमचा सोलरपंप पाहाले विदेशातल्या संस्थेच्या बाई आल्या होत्या म्हनते?"

"आल्या ना. म्हातारी बाई, ऊन लागन म्हनून मंडप टाकला."

"कुठी?"

"पंपापाशीच."

"सोलरच्या प्लेटांवर?"

"झाकल्या गेल्या थोड्याशा."

"मंग पानी कसं आलं?"

"मांगं डिझेल इंजिन लावलं. पाहुण्याले कोरडा पाईप दाखवाचा का?"

"अन् त्याइले समजलं?"

"धूर मंडपात आला. बाईनं आपली खुर्ची उचलली अन् उन्हात जाऊन बसल्या."

"काही बोलल्या?"

"जाताना म्हने, दुसरा पंप आता देत नाई."

"दुसरा तं आमच्या गावचा होता."

"हो."

"आमी श्रमदानानं टाकी बांधून ठेवली, बापूजी."

"मालूम हाय मले."

"काल पेंटर येऊन गेला. टाकीवर उद्घाटक म्हनून तुमचंच नाव टाकलं."

"चुना मारून टाका त्याच्यावर, ताई."

"ऑइलपेंट हाय, बापूजी."