शंभराचं शून्य

मंडळी, पूर्वरंग संपला. तुमच्यातल्या दोघांची डुलकीही संपली — मी बघत होतो! आता सावरून बसा. एकच प्रश्न विचारतो, उत्तराची घाई करू नका. मोठा कोण? जो जोरात पळतो तो, की ज्याला वेळेवर थांबता येतं तो?

बघा! पुढची म्हातारी मंडळी म्हणतात, "थांबतो तो!" — कारण गुडघे! आणि मागं खांबापाशी बसलेली तरणी पोरं म्हणतात, "पळतो तो!" असू द्या. मी कुणाच्याच बाजूचा नाही. कथा कुणाच्या बाजूनं पडते ते बघू.

आज कथा रथाची आहे. पण कुरुक्षेत्रावरच्या नाही, आत्ताच्या. सूर्यनारायणाच्या रथाला घोडे किती? सात! आणि इटलीत एक स्पोर्ट्स कार तयार होतेय, अजून बाजारात यायचीय, तिला घोडे किती? आठशे! सगळे बॉनेटच्या आत! ना चारा, ना शेण! बुवाला हे कसं ठाऊक म्हणून हसताय? अहो, बुवाच्या खिशातही मोबाइल आहे!

तर कोल्हापूर. तिथल्या उद्यमनगरात एक गृहस्थ, जयसिंगराव इंगवले. फाउंड्रीचे मालक. लोखंड वितळवून साच्यात ओतायचं, यंत्राचे भाग काढायचे, हा धंदा. मिशी अशी — आणि आवाज त्याहून मोठा. दुसरे गृहस्थ गडहिंग्लजचे, वसंतराव शिंत्रे. गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान. अंगानं बारीक, बोलायला नेमके. दोघांना वेड एकच — वेगाच्या गाड्यांचं! स्वतःकडं काय होतं? जयसिंगरावांकडं जुनी जीप, वसंतरावांकडं स्कूटर. त्या परदेशी गाडीचं एक चाक विकत घ्यायचं म्हटलं तरी दोघांना घरात विचारावं लागलं असतं. पण वेड कुठं ऐपत बघतं?

पुण्याच्या मोटारींच्या प्रदर्शनात एका लाल गाडीसमोर दोघांची गाठ पडली. दोघंही वाकून गाडीच्या खाली बघत होते, डोक्याला डोकं आपटलं आणि ओळख झाली! मग रोज संध्याकाळी फोन. "बघितलासा का नवीन व्हिडिओ?" "बघितला की! चाकं बघा, चाकं!" बायका घरात म्हणायच्या, ह्यांचं एकमेकांशीच लग्न लावून द्या. पण लग्न जमलं ते पोरांचं. जयसिंगरावांचा मुलगा अभयसिंह आणि वसंतरावांची मुलगी शर्वरी. दोघंही इंजिनिअर, दोघांची पसंती झाली. शर्वरी तर नगरकडं, जिथं नव्या गाड्या तपासतात त्या ट्रॅकवर नोकरीला. म्हणजे बापाला नुसतं बघायला मिळायचं ते पोरगी रोज चालवायची!

साखरपुडा झाला. पेढे वाटले. पंगत बसली. कोल्हापूरचा साखरपुडा, तेव्हा पानात काय होतं ते मी सांगत नाही — गळ्यात माळ आहे! दोन्ही व्याही शेजारी शेजारी बसले. सगळं गोड चाललेलं. आणि इतक्यात वसंतरावांचा मोबाइल वाजला. व्हिडिओ आला! पुढच्या वर्षी येणाऱ्या गाड्या, आणि त्यात सगळ्यांत भारी कोणती?

झालं!

जयसिंगराव म्हणाले, "त्यात काय विचारायचं? इटलीची! बारा सिलिंडर! टर्बो न्हाई, काय न्हाई, नुसतं निखळ इंजिन. चालू केली की छातीत धडधड होतीया!"

वसंतराव म्हणाले, "छान आहे. पण जर्मनीची बघा. आठ सिलिंडर आणि जोडीला बॅटरी. पेट्रोल जागं व्हायच्या आत वीज गाडी ढकलते. वळणावर तर तुमच्या इटलीवालीला धरून बसावं लागंल."

एक भाचा मधेच म्हणाला, "मामा, आता सगळ्या बॅटरीवरच येणार. दोन सेकंदांत ताशी शंभर!" दोघांनी त्याच्याकडं असं बघितलं की तो ताट घेऊन दुसऱ्या पंगतीला गेला.

मंडळी, ऐका, हा वादही काही खोटा नाही हं! गाडीचं वेड असलेल्याला नुसता आकडा नको असतो. त्याला आवाज हवा! तबलजी, वाजवा बरं इटलीची बारा सिलिंडर! ...वा! वा! मागचं पोरगं उठून उभं राहिलं बघा! आता जर्मनीची — आधी हळू, मग एकदम... शाब्बास! आता बॅटरीवाली वाजवा. — काय झालं? हात वर का केले? गप्प का? ...झाली म्हणता वाजवून?

हसा, हसा. तिकडं पंगतीत मात्र कुणी हसत नव्हतं. जयसिंगराव म्हणाले, "तुमची जर्मनीची म्हंजे शिलाई मशीन!" वसंतराव म्हणाले, "तुमची इटलीची म्हंजे बँडबाजा! नुसता आवाज, वराड कुठंच जात न्हाई!" "आमच्या घराण्यात आवाज हायच!" "आवाज हाय, पण ऐकून कोण घेतंय?" "पाव्हणं, तोंड सांभाळा!" "तुम्ही आधी पान सांभाळा, रस्सा सांडला!"

आणि जयसिंगराव ताटावरून उठले. म्हणाले, "ज्या घरात आवाजाची कदर न्हाई, त्या घरची पोरगी आमास्नी नको! लग्न मोडलं!"

शून्यावरून शंभर — मोजा! तीन सेकंद लागले असतील? इटलीची गाडी मागं पडली!

अहो, काय म्हणतात आपल्याकडं? बाजारात तुरी आन् भट भटणीला मारी! तुरी अजून बाजारातच, डाळ नाही, वरण नाही, आणि घरात मारामारी! इथं तर गाडी अजून इटलीतच. तिला ठाऊकही नाही की कोल्हापुरात तिच्यापायी एक लग्न मोडलं.

आता राग म्हणजे काय, उतू गेलेलं दूध. चढायला वेळ नाही, खाली बसायला वेळ नाही, आणि मागं राहतं ते घासत बसायचं. संध्याकाळपर्यंत दोघं थंड झाले. जयसिंगरावांना जेवण जाईना. वसंतरावांकडं दुकानात गिऱ्हाइकानं क्लच वायर मागितली तर त्यांनी बल्ब दिला! रोजचा फोन बंद. फोनकडं दोघंही बघायचे, पण उचलायचं कुणी?

तुम्ही म्हणाल, मुलीच्या बापानं. हो ना? खरं बोला! आपल्याकडं रीतच पडलीय. चूक कुणाचीही असो, वाकायचं मुलीच्या बापानं. वरपक्षाचा मान! वसंतरावही तयार होते. फोन हातात घेतला, नंबर लावणार, तेवढ्यात शर्वरी म्हणाली, "बाबा, ठेवा फोन."

"अगं, माफी मागतो आणि मिटवतो. माझं काय झिजतंय?"

"भांडलासा दोघं. मग माफी तुम्ही एकट्यानंच का मागायची? आज तुम्ही मागितलीसा, की त्या घरात जन्मभर मी मागत बसणार. चहा गार झाला, माफी. मीठ कमी पडलं, माफी. मला अभय पाहिजे, बाबा. लई पाहिजे. पण मान खाली घालून न्हाई जायची मी."

आणि पोरगी रडली हो. मंडळी, लक्षात घ्या, तिला हट्ट नव्हता. तिला दिसत होतं की लग्न हातचं जाणार. अभयसिंहही घरात बापाला समजावून थकला होता. हॉल ठरलेला, तारीख जवळ आलेली, आणि दोन म्हातारे मिशा धरून बसलेले!

शर्वरीच्या ट्रॅकवर वर्षातून एकदा कामगारांच्या घरच्यांना बोलावतात. चहा-फराळ, ट्रॅक बघायचा, गाडीत बसायचं. तिनं बापाला बोलावलं. आणि अभयसिंहाकडून निरोप दिला — मामांनाही घेऊन ये. आमच्या त्या भागात सून सासऱ्याला मामा म्हणते. लग्न मोडलेलं, तरी ती मामाच म्हणत होती!

जयसिंगराव आधी म्हणाले, "मी न्हाई येत." मग विचारलं, "कंची गाडी हाय तिथं?" अभयसिंह म्हणाला, "बाहेरची हाय, म्हणत्यात. अजून बाजारात यायची हाय." जयसिंगराव म्हणाले, "जीप काढ!"

ट्रॅकवर पोचले. वसंतराव सावलीत बाकावर बसलेले. दोघांनी एकमेकांना बघितलं, आणि दोघांनाही अचानक आभाळ फार आवडायला लागलं! तेवढ्यात गाडी आली. बुटकी, रुंद, जमिनीला चिकटलेली. पण ओळखू कशी येणार? नवी गाडी कुणाला कळू नये म्हणून तिला काळ्यापांढऱ्या नागमोडी पट्ट्या चिकटवतात. बोधचिन्ह झाकलेलं, दिवे अर्धे झाकलेले. नव्या नवरीला घुंगट तसा! शर्वरीला विचारलं तर ती म्हणाली, "सांगता येत न्हाई, मामा. तशी सही घेतलीय." जयसिंगराव मनात म्हणाले, इटलीचीच! वसंतराव बाकावर म्हणाले, जर्मनीचीच!

जयसिंगराव आत बसले. पट्टा लावला, डोक्यावर हेल्मेट चढवलं. मिशी मावेना! मग विचारलंच, "पोरी, शून्याचं शंभर कितीत?"

"ते दुसरा विभाग बघतोय, मामा. माझ्याकडं शंभराचं शून्य असतंय. ब्रेक."

"ब्रेक?" जयसिंगराव हसले. "थांबायसाठी कोण गाडी घेतंय?"

शर्वरीनं गाडी काढली.

अहाहा! काय ती गाडी! मागं बसलेल्या पोरांनो, तुम्हीच डोळ्यांसमोर आणा. पाठ गादीला चिकटली, झाडं रेघा झाली, आणि मागून तो आवाज! जयसिंगराव लहान पोरासारखे ओरडायला लागले. "दाब पोरी! अजून दाब!" तिनं दाबली. सरळ रस्ता. लांब टोकाला केशरी शंकू मांडलेले, त्यापलीकडं रबरी टायरची भिंत. "अजून?" "दाब!" शंकू जवळ आले. "अजून, मामा?" जयसिंगरावांचा आवाज बारीक झाला. "पोरी... बास." शंकू मोठे दिसायला लागले. "अगं पोरी, थांब! थांब की गं!"

आणि तिनं ब्रेक दाबला.

जयसिंगराव पुढं गेले, पट्ट्यानं मागं ओढले. गाडी सरळ रेषेत, इकडची तिकडं न होता, उभी राहिली. पुढं शंकू. मधे हातभर जागा.

शर्वरीनं हेल्मेट काढलं आणि हळूच म्हणाली, "भ्यालासा का, मामा? मी न्हाई भ्याले. मला ठाऊक होतं, ही थांबतीया. जेवढं थांबता येतंय, तेवढंच पळवायला धीर होतोय. ब्रेक नसता, तर मी हिला दारातनं बाहेर काढली नसती."

एवढंच बोलली. बापाचं नाव नाही, लग्नाचं नाव नाही. पण जयसिंगराव काय समजायचं ते समजले. लोखंड वितळवणारा माणूस, आतून वितळायला वेळ लागतो, पण वितळला! त्यांनी दार उघडलं. तसेच चालत बाकापाशी गेले.

वसंतराव उठून उभे राहिले. सवय हो! वराचा बाप आला की मुलीच्या बापानं उठायचं. जयसिंगरावांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, खाली दाबलं.

"बसा पाव्हणं. आज मी उभा ऱ्हातो." चारचौघांत, अभयसिंहासमोर, शर्वरीसमोर त्यांनी हात जोडले. "चुकलं माझं. पोरगी तुमची हाय, पण आमच्या घरात ती मान वर करून यायची. माझ्या तोंडाला ब्रेक न्हवता."

वसंतरावांनी त्यांचे जोडलेले हात धरले. म्हणाले, "माझ्या तरी कुठं होता?" आणि दोघं गळ्यात पडले. विठ्ठल विठ्ठल! टाळ्या वाजवा की!

थांबा. थांबा! कथा अजून संपली नाही. खरी परीक्षा पुढं आहे. चहा आला. दोघं एकाच बाकावर बसले. आणि वसंतरावांचा स्वभाव! जाईल कुठं? चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "पाव्हणं... एक सांगू? गाडी जर्मनीची होती, न्हवं?"

अरे देवा! अभयसिंहाचा चहा हातातच राहिला. शर्वरीनं डोळे मिटले. जयसिंगरावांचा चेहरा लाल झाला, मिशी थरथरली, तोंड उघडलं. पंगतीतला तोच आवाज घशापर्यंत आला. आता शून्याचं शंभर! आता! आता!

जयसिंगरावांनी तोंड मिटलं. चहाकडं बघितलं. आणि म्हणाले, "असंल."

मंडळी! हा ब्रेक! आठशे घोडे एका शब्दात उभे केले! ह्या माणसाला इटलीवालीचे सगळे गुण पाठ होते. पण त्याला आपलं खरं करायचं नव्हतं, पोरांचं लग्न करायचं होतं. आणि लग्न झालं. वरात जुन्या जीपमधून निघाली, आवाज मात्र बारा सिलिंडरचा — सायलेन्सर फुटलेला!

मग मागच्या पोरांनो, आता सांगा, मोठा कोण? ...आता गप्प का? बरं, पळू नका असं मी म्हणत नाही. पळा! देवानं पाय दिलेत, गाड्या घ्या, स्वप्नं बघा. पण पळायच्या आधी ब्रेक लागतो का ते बघा. नामस्मरण म्हणजे तरी काय हो? जीभ सुटायच्या आत तिला आवरायची सवय! तोंडात एकदा "विठ्ठल" आलं की तेवढ्या वेळात शिवी मागं राहते. घरी गेल्यावर बायको म्हणाली, "तुम्हाला काही कळत नाही" — काय म्हणायचं? बायकांनीच सांगितलं बघा! "असेल"! आणि ताई, नवरा म्हणाला, "भाजी खारट झाली" — तुम्ही काय म्हणायचं? आता का हसू आलं?

हसण्यावारी नेऊ नका. ह्या मांडवात मला दोन भाऊ दिसतायत. एक डावीकडच्या खांबाला टेकलेला, एक उजवीकडच्या. बांधावरून बोलणं बंद आहे म्हणतात. नावं घेत नाही, गाव तुमचं आहे. आणि आपण बुवाला दिसत नाही असं ज्यांना वाटतंय, त्यांनीही मनात बघा, तुमचा कोण तो, ज्याला फोन लावायचा राहिलाय?

आता आरती आहे. मी लगेच सुरू करत नाही. टाळकरी, थांबा. तबलजी, थांबा. त्या दोघांपैकी जो आधी उठून दुसऱ्याच्या शेजारी जाऊन उभा राहील, त्याच्या हातात आज आरतीचं ताट. घाई नाही. मी थांबलोय.